अठरा बागायतदारांचं तळघर

द्राक्ष हा वाट न पाहणारा माल आहे. घड तोडले की तासांचा हिशेब सुरू होतो. ते वेळेत गाळून रस पिंपात गेला नाही, तर वर्षभराचे कष्ट दोन-चार दिवसांत नासतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यातल्या लहान बागायतदाराकडे ना गाळायची नीट सोय होती, ना साठवायला तळघर. व्यापारी हे ओळखून होता. ऐन तोडणीत तो दारात यायचा आणि भावही तोच ठरवायचा. पीक चांगलं आलं की भाव पडायचा. पीक बुडालं की विकायलाच काही नसायचं. खोऱ्यातल्या अनेक कुटुंबांनी कंटाळून अमेरिकेची वाट धरली.

मायशोस गावातले 18 बागायतदार मात्र 1868 च्या डिसेंबरात एकत्र बसले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. द्राक्षं एकत्र गाळायची, वाइन सामाईक तळघरात मुरवायची आणि भाव येईल तेव्हा संस्थेच्याच नावाने विकायची, इतका साधा तो बेत होता. पुढे शेजारच्या आल्टेनारचे बागायतदार त्यांना येऊन मिळाले. आजही चालू असलेल्या, द्राक्षबागायतदारांच्या जगातल्या सर्वांत जुन्या सहकारी संस्थांपैकी एक अशी तिची ओळख आहे.

गाव जेमतेम हजार वस्तीचं. बॉनपासून फार लांब नाही. नदी डोंगर कापत वळणं घेत जाते, आणि जिथे थोडी सपाटी मिळाली तिथे घरं, चर्च आणि रस्ता दाटीने बसले आहेत. वर साफनबुर्ग किल्ल्याचे अवशेष. बागा पाहायच्या तर मान वर करावी लागते. काळ्या पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारावर, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली, आणि एकेका तालीवर वेलींच्या मोजक्या रांगा. ट्रॅक्टर तिथे चढत नाही. छाटणी, बांधणी, तोडणी सगळं हाताने.

इतक्या उत्तरेला, पन्नास अंशांच्याही वरच्या अक्षांशावर, तांबडी द्राक्षं पिकतात याचं श्रेय या दगडालाच द्यायला हवं. दिवसभर तो ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ती ऊब वेलीला परत देतो. खोरं अरुंद असल्याने थंड वाराही फारसा शिरत नाही. आरचं क्षेत्र साधारण साडेपाचशे हेक्टर, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत लहान वाइन-प्रदेशांपैकी एक. रीसलिंगसारख्या पांढऱ्या द्राक्षांसाठी नावाजलेल्या या देशात इथल्या बहुतांश बागा मात्र तांबड्या द्राक्षांच्या, आणि त्यातही मान श्पेटबुर्गुंडरचा. फ्रान्समध्ये याच जातीला पिनो न्वार म्हणतात. एकेकाळी शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी इथे फिकी, गोडसर वाइन बनायची. 1980 नंतर खोऱ्यातल्या जाणत्या उत्पादकांनी उत्पन्न कमी ठेवून, कोरडी आणि ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन करायला घेतली, आणि आरचं नाव बदललं.

सहकारी साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला संस्थेचं कामकाज लगेच उमगेल. सभासदाने आपली द्राक्षं संस्थेलाच घालायची. माल आला की वजन होतं आणि रसातली साखर मोजली जाते. ती ‘एक्सले’ या अंशांत सांगतात. उसाला उतारा, तशी द्राक्षाला ही गोडी, आणि मालाचा मोबदला त्यावरही ठरतो. आमच्याकडच्या सहकाराचं मूळही याच भागात आहे. ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठाला, नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फमध्ये फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी 1864 मध्ये शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. मद्रास सरकारच्या सांगण्यावरून फ्रेडरिक निकोल्सन यांनी युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास केला, त्यातून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि पुढे त्याच वाटेवर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ प्रवरेचा साखर कारखाना उभारला. लोणी आणि मायशोस या दोन गावांचं नातं मला म्हणूनच खरं वाटतं.

14 जुलै 2021 च्या रात्री आर नदीने हे सगळं पुसायला घेतलं. एरवी मीटरभरसुद्धा खोल नसलेल्या नदीचं पाणी इतकं चढलं की आल्टेनारचं मोजमापाचं केंद्रच वाहून गेलं. खोऱ्यात 130 हून अधिक माणसं गेली. रस्ते, पूल, रेल्वे तुटले, मायशोसचा संपर्क तुटला. 1804 आणि 1910 सालीही आरला जीवघेणे पूर आले होते. पण ती आठवण कागदपत्रांत राहिली आणि वस्ती नदीच्या काठाशी वाढत गेली. याची खंत खोऱ्याने बाळगायलाच हवी.

तळघरं चिखलाने भरली. पिंपं, यंत्रं, बाटल्या गाळाखाली गेल्या. वर उतारावरच्या बागा मात्र बहुतांशी वाचल्या होत्या, आणि वेली कोणासाठी थांबत नाहीत. जुलैत फवारणी चुकली तर बुरशी पीक घेऊन जाते. त्या आठवड्यांत मोझेल, फाल्त्स अशा इतर प्रदेशांतले बागायतदार आपली अवजारं घेऊन आले. एरवी बाजारात स्पर्धक असलेली ही माणसं परक्याच्या बागेत राबली, आणि त्या वर्षीची तोडणी झाली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकायची कल्पनाही खोऱ्यातूनच निघाली. ‘फ्लूटवाइन’, म्हणजे पुराची वाइन, या नावाने देशभरच्या लोकांनी त्या घेतल्या आणि 40 लाखांहून अधिक युरो मदतीसाठी जमा झाले.

पूररेषेतल्या सपाट तुकड्यांवर पुन्हा वेल लावायचे की नदीला तिची जागा सोडायची, हा प्रश्न सोपा नाही. मला सोडणंच योग्य वाटतं, पण ज्याची बाग गेली त्याला ते सांगणं कठीण आहे. सभासदांच्या पुढच्या पिढीला उतारावरचं हे अंगमेहनतीचं काम परवडेल का, हाही प्रश्न आहेच.

खोऱ्याचं पोट पाहुण्यांवर चालतं. बॉन, कोलोनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी सप्टेंबर-ऑक्टोबरात जरूर जावं. बाड बोडेनडॉर्फपासून आल्टेनारपर्यंत बागांमधून जाणारी 35 किलोमीटरची पायवाट आहे. सगळी एका दमात चालायची गरज नाही. मायशोसच्या वरच्या टप्प्यावर तोडणी करणारे भेटतील. खाली उतरून वाइन घ्यायची ती त्यांच्याच संस्थेतून घ्यावी.