रात्रीची कबड्डी आणि लेन्सचं तोंड

जालना, अंबड, भोकरदनकडे रात्रीच्या कबड्डीचे फोटो काढायचे असतील, तर पैसा महागड्या बॉडीवर नव्हे, लेन्सवर घालावा. खांबावरच्या फ्लडलाइटचा उजेड आपल्याला लख्ख वाटतो, कारण डोळा अंधाराशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तो तुटपुंजाच. मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूची ताणलेली बोटं स्पष्ट हवीत, तर शटर सेकंदाच्या १/५०० भागापुरतंच उघडावं लागतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ वर अडते. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स तेवढ्याच वेळात साडेनऊ पट प्रकाश आत घेते.

आयएसओ वाढवला की भागतं, असं कुणी म्हणेल. वाढवावाच, पण त्यानं उजेड वाढत नाही, चित्र उजळतं आणि दाणेही ठळक होतात. झूम नसल्याची अडचण क्रिकेटला खरी. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान मात्र १३ बाय १० मीटरचं, कडेला बसलं की ५० मिमी पुरते. फ्लॅश तर नकोच. ऐन पकडीत डोळे दिपले तर खेळाडूला इजा होईल. एक अडचण उरतेच: ५० हर्ट्झच्या विजेवरचे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, म्हणून एक फोटो उजळ, पुढचा काळपट येतो. अशा वेळी सलग पाच-सहा काढावेत.