विहिरीच्या पाण्यांतील धातूंचा शोध

विहिरीचें पाणी कांचेच्या पेल्यांत धरलें तर स्फटिकासारखें निर्मळ दिसतें. परंतु कित्येक विहिरींच्या पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं, डाळ शिजावयास वेळ लागतो, आणि तें आटविलें म्हणजे भांड्याच्या बुडाशीं पांढरा थर राहतो. डोळ्यांना न दिसणारें असें कांहीं तरी त्यांत विरघळलेलें आहे हें उघड होय.

कुसगांव, लोणावळें आणि एकंदर मावळ यांची भूमि काळ्या पाषाणाची आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर बसून ती बनली. ह्या खडकांत कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह हे धातु आहेत. पावसाचें पाणी मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून खालीं झिरपतें आणि जातां जातां या धातूंचा अंश बरोबर नेतें. पाण्यांत मात्र त्यांचें रूप निराळें असतें. प्रत्येक अणूनें आपले एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन गमावलेले असल्यामुळें तो धनविद्युतानें भारित होतो. अशा कणास धन आयन म्हणतात; 'आयन' हा शब्द फॅरडेनें १८३४ सालीं शास्त्रांत आणिला.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. पाणी चिनी मातीच्या वाडग्यांत आटवून दहाव्या हिश्श्याइतकें करावें. तळाशीं पांढरा साका बसल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावे. तो बुडबुडे सोडीत विरघळतो. मग थोडा नवसागर घालून वास येईपर्यंत अमोनियाचें द्रावण मिसळावें. तांबूस तपकिरी कण दिसल्यास लोह आहे असें समजावें व द्रावण गाळून घ्यावें. गाळलेल्या पाण्यांत अमोनियम ऑक्झलेट घालतांच दुधासारखा पांढरा साका पडला, तर तो कॅल्शियमचा. तो पुनः गाळून काढून उरलेल्या द्रावणांत सोडियम फॉस्फेट टाकावें आणि कांचेच्या कांडीनें नळीची आंतील बाजू घांसावी. मॅग्नेशियम असेल तर कांडीच्या रेघांवरच बारीक पांढरे कण धरूं लागतात. हा देखावा मोठा मौजेचा असतो. परंतु उतावळा विद्यार्थी कण धरण्यापूर्वींच नळी धुऊन टाकतो!

नवसागर कशाला, असें कोणी विचारील. तो नसेल तर अमोनिया घालतांच लोहाबरोबर मॅग्नेशियमचाही कांहीं भाग खालीं बसेल आणि पुढचा सर्व हिशेब चुकेल. येथें क्रमालाच खरें महत्त्व आहे. 'ऑक्झलेटनें पांढरा साका म्हणजे कॅल्शियम' हें वाक्य पुष्कळजण पाठ करितात, पण बेरियम व स्ट्रॉन्शियम यांचेही साके पांढरेच. म्हणून आधींचे धातु क्रमानें दूर करावे लागतात आणि उरलेल्या संशयितांची दुसरी साक्ष काढावी लागते. ती साक्ष ज्योत देते. प्लॅटिनमची तार आम्लांत बुडवून, साक्याला लावून ज्योतींत धरावी: विटेसारखा तांबडा रंग कॅल्शियमचा, किरमिजी स्ट्रॉन्शियमचा, पोपटी हिरवा बेरियमचा. सोडियमचा पिवळा रंग मात्र इतका प्रखर, कीं तो बाकीच्यांना झांकून टाकतो. फ्रेझेनियस या जर्मन रसायनज्ञाचा या क्रमबद्ध परीक्षेवरील ग्रंथ १८४१ सालीं प्रसिद्ध झाला.

अमोनियाची करामत पाहावयाची तर बाजारांतील तीन जिन्नस पुरेत. मोरचुदाच्या द्रावणांत तो जास्त घातला कीं गर्द निळा रंग येतो. हिराकसांत मळकट हिरवा साका पडून हवेनें वरून तपकिरी होत जातो. तुरटींत पांढरा, पेजेसारखा साका बसतो. तुरटीचा हा साका कॉस्टिक सोडा जास्त घातल्यास नाहींसा होतो, हिराकसाचा होत नाहीं.

प्रत्येक परीक्षेबरोबर स्वच्छ भांड्यांत धरलेल्या पावसाच्या पाण्यावरही तीच कृति करावी. त्यांतही तितकाच साका पडला, तर दोष विहिरीचा नसून आपल्या रसायनांचा किंवा नळीचा आहे.

शिशाची गोष्ट निराळी. हायड्रोक्लोरिक आम्लानें त्याचा पांढरा साका पडतो खरा, पण लेड क्लोराइड थंड पाण्यांतही लिटरमागें सुमारें १० ग्रॅम विरघळून राहतें. पिण्याच्या पाण्यांत शिसें लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें असें भारतीय मानक सांगतें. म्हणजे लक्षावधि पटींनीं अधिक शिसें असलें तरी आपली नळी निर्मळच दिसेल! ती निर्मळ राहिली एवढ्यावरून पाणी निर्धोक असल्याचा दाखला कोणासही देऊं नये. त्याकरितां नमुना स्वच्छ बाटलींत भरून, विहिरीचें नांव व तारीख वर लिहून, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडेच धाडावा लागतो.