शनिवारी थांबणारा घाणा आणि घरात जपलेला धर्म

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घराघरांत घट बसतो, मातीत धान्य रुजत घातले जाते आणि नंदादीप तेवू लागतो. धुळ्यास पांझरेकाठी एकवीरामातेच्या दर्शनासाठी पहाटेपासून रांगा लागतात. जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून गृहिणी नऊ दिवसांच्या उपवासाचा संकल्प करतात. याच सुमारास, याच नव्या चंद्रकोरीच्या साक्षीने, आपल्याच महाराष्ट्रात आणि आपल्याच मराठी भाषेत आणखी एक समाज आपल्या वर्षारंभाचा सण मांडतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानी असेल. हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल, अर्थात मराठी ज्यू.

यहुदी पंचांग आपल्याप्रमाणेच चंद्रावर चालते आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधिक मास धरते. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. म्हणूनच दोन्ही पंचांगांचे सण पुष्कळदा हातात हात घालून येतात. सन २०२४ मध्ये घटस्थापना व यहुदी नववर्ष ३ ऑक्टोबरला, तर विजयादशमी आणि यहुद्यांचा महाउपवास १२ ऑक्टोबरला आला. सन २०२५ मध्येही २ ऑक्टोबरला दसरा आणि तो उपवास एकाच दिवशी पडले. कोजागरीच्या चांदण्यात त्यांच्या मांडवांच्या सणास आरंभ झाला. अधिक मास निरनिराळ्या वर्षी पडल्यास मात्र दोहोंत एका महिन्याचे अंतर राहते.

नवगावचा किनारा

या समाजाची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलजवळ समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यास लागल्या. बुडालेल्यांची प्रेते तेथेच पुरण्यात आली. ते स्थान आजही पवित्र मानले जाते. जे वाचले त्यांची पोथ्यापुस्तके समुद्राने नेली होती. काळाच्या ओघात हिब्रू भाषाही विस्मरणात गेली. ‘शमा’ नावाच्या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तेवढे ओठांवर राहिले.

कोकणाने त्यांस आसरा दिला आणि त्यांनी कोकणची रीत उचलली. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य धंदा झाला. गावाच्या नावावरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, नवगावकर अशी आडनावे पडली. परंतु एक गोष्ट शेजाऱ्यांच्या नजरेत भरे. शुक्रवारी सूर्य मावळला, की यांचा घाणा थांबे तो शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. गावाने त्यांस नाव दिले, ‘शनवार तेली’. कोणी चेष्टा केल्याचे किंवा कोणी घाणा बळेच फिरवावयास लावल्याचे त्यांच्या परंपरेत कोठेही ऐकू येत नाही.

पुढे डेव्हिड राहबी नावाचा एक यहुदी पंडित कोकणात आला. हे लोक खरोखर आपल्याच धर्माचे आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे मासळी ठेवली आणि स्वयंपाक करण्यास सांगितले, अशी कथा आहे. खवले व पर असलेले मासे स्त्रियांनी घेतले आणि नसलेले बाजूस सारले. शास्त्राची आज्ञा तीच होती. राहबीला जे पुस्तकात शोधावयाचे होते, ते त्याला चुलीपाशी सापडले. त्यानंतर त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील व्यक्तींस धर्मशिक्षण देऊन काजी नेमले, असे ही कथा सांगते.

सणांची मराठी नावे

ज्यांना हिब्रू ठाऊक नव्हती, त्यांनी आपल्या सणांस मराठी नावे दिली, आणि ती ऐकताना आपल्याच आजीच्या तोंडचे शब्द ऐकल्यासारखे वाटते. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. नव्या तांदळाची खीर होई तो ‘खिरीचा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा शोक करावयाचा, त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. होळीच्या सुमारास येणारा ‘होळीचा सण’. आणि महाउपवासाचा दिवस तो ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशी दारे बंद करून, शुभ्र वस्त्रे नेसून, अन्नपाण्यावाचून आणि परक्याशी न बोलता वर्षभरातील पापांची क्षमा मागावयाची. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मग दारे उघडावयाची, गरिबांस दान द्यावयाचे आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यावयाच्या.

नवसपूर्तीस अथवा मंगलकार्याच्या वेळी ‘मलिदा’ करतात. भिजविलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गोड आणि वेलची घालून तबकात रास करावयाची, भोवती फळे मांडावयाची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्तवन करून प्रसाद वाटावयाचा. अलिबागजवळ सागाव येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा असून तेथे नवस फेडण्यास लोक जातात. खानदेशात कानबाईच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांनी एकत्र बसून घ्यावयाचा असतो. त्या पंगतीत बसलेल्या कोणासही मलिद्याच्या तबकाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

कोर्दोव्याचा पंडित

या समाजाशी जुळणारा एक जुना उल्लेख दूरच्या स्पेन देशात जन्मलेल्या एका पंडिताच्या पत्रात येतो. बाराव्या शतकात कोर्दोवा नगरीत मोशे बेन मैमोन, ज्यास जग मैमोनिदिस या नावाने ओळखते, त्याचा जन्म झाला. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांत त्याच्या तोडीचा यहुदी विद्वान मध्ययुगात विरळाच. राज्य पालटले, छळ सुरू झाला आणि बालवयातच त्यास कुटुंबासह गाव सोडावे लागले. तो अखेर इजिप्तमध्ये स्थिरावला. त्याचा धाकटा भाऊ दाविद हिंदुस्थानच्या व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडून मरण पावला. सन १२०० च्या सुमारास मैमोनिदिसने एका पत्रात लिहिले, की हिंदुस्थानातील यहुद्यांस लिखित धर्मग्रंथ ठाऊक नाही. ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, इतकेच. काही अभ्यासकांच्या मते हे वर्णन कोकणातील घाणेवाल्यांचे आहे.

त्याच्या जन्मनगरीची कथा मात्र उलट झाली. कोर्दोव्यात विद्या होती, ग्रंथ होते. सन १३१५ मध्ये तेथे एक सुंदर प्रार्थनामंदिरही उभे राहिले. सन १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने धर्म न पालटणाऱ्या सर्व यहुद्यांस देशाबाहेर घालविले. प्रार्थनामंदिराचे रुग्णालय झाले, पुढे ते चांभारांच्या संघाकडे गेले. भिंतींवरील हिब्रू अक्षरे गिलाव्याखाली दडली. सन १८८४ मध्ये गिलावा निखळला तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. ती आपलेपणाने वाचणारे एकही घर तेव्हा त्या गल्लीत उरले नव्हते. जगभरचे प्रवासी ती वास्तू पाहावयास येतात. अक्षरे सुबक आहेत. पण त्या वास्तूत शुक्रवारची सांज आता होत नाही.

ग्रंथ असूनही कोर्दोव्याची सांज विझली आणि ग्रंथ नसूनही कोकणचा शनिवार टिकला. यामागे शेजाराचा वाटा मोठा आहे, आणि घराचा त्याहून मोठा.

मंदिरे उभी राहिली, घरे निघाली

इंग्रजी अमलात बेने इस्राएल मुंबईस व पुण्यास आले. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी नवस फेडण्यासाठी १७९६ मध्ये मुंबईत ‘शाअर हारहमीम’ हे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मशीद बंदर हे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगतात. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ मध्ये ‘मागेन अबोथ’ उभे राहिले; रेवदंडा, पनवेल आणि पेण येथेही मंदिरे झाली. प्रार्थनांचे मराठी अनुवाद छापले गेले. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या वल्हांडणाच्या पोथीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दिसतात. सन १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी नारदीय पद्धतीचे कीर्तन उचलले आणि अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने मराठी पदांत रंगू लागली.

सन १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि हा समाज हळूहळू तिकडे निघाला. येथून त्यांस कोणी घालविले नाही. पितृभूमीच्या ओढीने व चांगल्या दिवसांच्या आशेने ते गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली गेली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह केला आणि १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळविली. लोद, रामला, दिमोना या गावी मराठी ऐकू येते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. इकडे २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी उरले ते साडेचार हजारांच्या घरात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांस अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील गावी मंदिरे उभी आहेत. पण सार्वजनिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात आणि काही ठिकाणी तेवढे जमणे कठीण होते.

वाचकहो, या कथेत आपल्या घरासाठीही एक प्रश्न दडलेला आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमविलेली रामदासी बाडे आपण पाहतो, तेव्हा ग्रंथरक्षणाचे मोल आपणांस पटते. परंतु घटाची माती कोणती घ्यावी, कुळाचार कोणता, माळ कशी बांधावी, हे बाडांत लिहिलेले नसते. ते सासू सुनेस सांगते, आई लेकीस दाखविते. एक पिढी विचारावयाची राहिली, की तो धागा तुटतो. नवगावच्या स्त्रियांनी पुस्तकावाचून तो शतकानुशतके तुटू दिला नाही.

दसऱ्याच्या सुटीत पुष्कळ खानदेशी कुटुंबे अलिबागच्या समुद्रावर जातात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून इस्राएल आळीतील मंदिराच्या दाराशी उभे राहावे. प्रार्थनेची वेळ नसेल आणि आतील मंडळींची अनुमती असेल, तर पायताण बाहेर ठेवून, मस्तक झाकून आत जावे. तेथे कोणी वृद्ध भेटल्यास त्यांस नव्याच्या सणाविषयी मराठीतच विचारावे. आणि घरी परतल्यावर आपल्या आजीसही विचारावे, की आपल्या घरी घट पहिल्याने कोणी बसविला, आणि तिला तो कोणी शिकविला.