अलास्कातील अभयारण्याचा विस्तार : क्षेत्र आणि संरक्षण

अभयारण्याचे क्षेत्र वाढले की वन्यजीवांचे संरक्षणही त्याच प्रमाणात वाढते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील आर्क्टिक अभयारण्याचा इतिहास या गृहीताची मर्यादा स्पष्ट करतो. तेथील ईशान्य भागात, संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर, १९६० साली सुमारे ८९ लाख एकरांचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले. १९८० च्या कायद्याने ते जवळजवळ दुप्पट केले आणि मूळ क्षेत्रापैकी बहुतांश भागास मानवी हस्तक्षेपापासून अलिप्त राखावयाच्या अरण्याचा कडक दर्जा दिला. परंतु उत्तर किनाऱ्यालगतचे सुमारे १५ लाख एकरांचे मैदान त्यातून वगळले गेले. तेथे खनिज तेल असण्याचा संभव होता. म्हणून अमेरिकन काँग्रेसच्या संमतीवाचून ते काढू नये, एवढेच बंधन घालण्यात आले.

हे मैदान आज एकूण अभयारण्याचा सुमारे बारावा हिस्सा आहे. तथापि जीवशास्त्रीय दृष्ट्या तेच त्याचे मर्मस्थान होय. पॉर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा कळप पुष्कळ वर्षी येथेच वितो. ग्विचिन लोकांची उपजीविका व संस्कृती या कळपाशी निगडित आहे. उलटपक्षी, किनाऱ्यावरील काक्टोविक येथील अनेक इनुपियात रहिवाशांना तेलाचे उत्पन्न हितकर वाटते. २०१७ च्या कायद्याने पूर्वीचे बंधन उठविले आणि २०२१ साली तेथील तेलपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला.

तात्पर्य, विस्ताराचे मूल्यमापन करताना किती एकर मिळाले याबरोबरच कोणते एकर वगळले गेले, हेही पाहणे अगत्याचे ठरते.