चर्मपंखी कीटक, विलुप्त

चर्मपंखी (डर्मॅप्टेरा) गणातील नामशेष झालेले कीटक. या गणाच्या सु. २,००० जाती आज हयात असून दगड, पालापाचोळा वा झाडाच्या सालीखाली आढळणारा, मागील टोकास चिमटा असलेला तपकिरी कीटक याच गणातील होय. याचे पुढील पंख आखूड व चामड्यासारखे असतात. मागील पंख पातळ असून ते पंख्याप्रमाणे मिटून पुढील पंखांखाली सामावतात. चिमटा म्हणजे उदराच्या टोकाशी असणाऱ्या दोन उपांगांचे (पुच्छिकांचे) बदललेले रूप होय.

झुरळे, नाकतोडे, वाळवी यांचा समावेश असलेल्या मोठ्या कीटकसमूहात हा गण मोडतो. पर्मियन कालखंडातील (सु. २९.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रोटेलिट्रॉप्टेरा या कीटकांना अनेक शास्त्रज्ञ त्याचे पूर्वकालीन नातलग मानतात. निश्चितपणे चर्मपंखी म्हणता येतील असे सर्वांत जुने जीवाश्म ट्रायासिकच्या अखेरीच्या सुमाराचे आहेत.

कझाकस्तानातील कारातौ येथील जुरासिक खडकांत मिळालेल्या प्रोटोडिप्लॅटिसचे वर्णन मार्टिनॉव्ह यांनी १९२५ मध्ये केले व त्यावरून बेई-बिएन्को यांनी १९३६ मध्ये आर्किडर्मॅप्टेरा हा उपगण स्थापिला. या कीटकांच्या पुच्छिका लांब, धाग्यासारख्या व अनेकखंडी होत्या, पायांचे गुल्फ पाच खंडांचे होते आणि मादीचा अंडनिक्षेपक बाहेर दिसत असे. इओडर्मॅप्टेरा या दुसऱ्या विलुप्त उपगणात गुल्फ तीन खंडांचे व पुच्छिका चिमट्यासारख्या झाल्या; अंडनिक्षेपक मात्र टिकून होता. यावरून आजचे स्वरूप एकदम न येता टप्प्याटप्प्याने आले, हे स्पष्ट होते.

या क्रमास जिवंत प्राण्यांतूनही पुष्टी मिळते. भारत व श्रीलंकेत आढळणाऱ्या डिप्लॅटिस वंशातील अर्भकांच्या पुच्छिका लांब व अनेकखंडी असतात. प्रौढावस्थेत त्यांच्या जागी अखंड चिमटा येतो. श्रीलंकेतील अशाच अर्भकाला वेस्टवुड यांनी १८८१ मध्ये डिसक्रिटिना असे स्वतंत्र नाव दिले होते. ते डिप्लॅटिसचे अर्भक असल्याचे पुढे सिद्ध झाले.

विलोपन केवळ प्राचीन काळापुरते मर्यादित नाही. सेंट हेलेना बेटावरील सु. ८ सेंमी. लांबीचा लॅबिड्युरा हर्क्युलियाना हा या गणातील सर्वांत मोठा कीटक १९६७ नंतर जिवंत आढळला नाही व २०१४ मध्ये तो विलुप्त घोषित झाला. बांधकामासाठी उचललेले दगड आणि बाहेरून आलेले उंदीर व गोम ही त्याची संभाव्य कारणे मानतात.