डब्यातली जास्वंद आणि घरातले विष

चाळीत राहणाऱ्यांनी झाडे लावावीत म्हटले की जागा नाही, वेळ नाही, पैसा नाही, अशी उत्तरे मिळतात. आम्हीही हीच उत्तरे देत होतो. पण गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या जास्वंदीने आम्हाला खोटे पाडले.

जास्वंदीसाठी रोप विकत घ्यावे लागत नाही. पावसाळ्यात शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, ६ ते ८ इंचांची फांदी मागून आणावी. खालची पाने काढून दोन-तीन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी. डब्याच्या तळाला चार-पाच भोके पाडून वर खापराचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू एवढे पुरे.

झाडाला रोज ५-६ तास ऊन मिळाले पाहिजे. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे. वरची इंचभर माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. पाणी साचले तर मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात आणि कळ्या गळतात. माती फार वाळली तरीही कळ्या गळतातच. एक फूल बहुधा एकच दिवस टिकते, पण नव्या फुटव्यांवर पुन्हा कळ्या येतात. म्हणून थंडी सरताच लांब फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. छाटायला हात कचरतो, पण झाड भरते ते त्यामुळेच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या झाडाच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला. तो पिठ्या ढेकूण. घाईघाईने आम्ही ओळखीच्या माणसाकडून शेतात फवारायचे औषध थंड पेयाच्या बाटलीत आणले आणि मोरीजवळ ठेवले. संध्याकाळी धाकटी मुलगी ती बाटली तोंडाला लावणार, एवढ्यात सौ.ने हिसकावून घेतली. चूक सर्वस्वी आमची होती. एका खोलीच्या घरात विषाला सुरक्षित जागा नसते. दुसऱ्याच दिवशी ती बाटली आम्ही परत केली.

मग उपाय केला तो साधाच. कीड लागलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुतली. एक लिटर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल व थोडा पातळ साबण मिसळून आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर फवारले. चौथ्या आठवड्यात नवी पालवी स्वच्छ आली. आता झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आम्ही लगेच पाने उलटून पाहतो. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात.

वाचकहो, या पावसाळ्यात एक फांदी जरूर लावा. पण झाडाचे असो की ढेकणाचे, पिण्याच्या बाटलीत औषध कधीही घरी आणू नका.