विमानास जामीन कोण?

आकाशात गडगडाट झाला की आमच्या वर्गातील साऱ्या माना खिडकीकडे वळतात. वैमानिक व्हावे असे पुष्कळांस वाटते. परंतु ते विमान उडण्यास योग्य आहे असे लिहून देणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. आज त्याचीच ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

नामपुराहून सटाण्यावरून मुंबई-आग्रा रस्त्यास लागले म्हणजे नाशिकच्या अलीकडे ओझर लागते. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली निघाला. प्रथम मिग-२१, पुढे मिग-२७ व सुखोई-३० ही लढाऊ विमाने तेथे बांधली गेली. परंतु आपल्या कामास आपणच प्रमाणपत्र देऊ नये, हा या व्यवसायातील मूळ नियम होय. म्हणून लष्करी विमानांच्या रचनेस मान्यता देणारे ‘सेमिलॅक’ हे निराळे सरकारी केंद्र बंगळूर येथे असून त्याची एक शाखा नाशिकास आहे. तेथे काम करणारा तो उड्डाणयोग्यता-अभियंता.

त्याचे काम काय? सुखोई वेगाने वळते तेव्हा आतील प्रत्येक वस्तूचा भार नऊपटीपर्यंत वाढू शकतो. ७० किलोचा वैमानिक ६३० किलोचा होतो! मग पंखांवर केवढा ताण पडत असेल? म्हणून सेवेत येणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सांगाड्याने न मोडता सोसला पाहिजे, असा दंडक आहे. आणि तो गणिताने व प्रत्यक्ष परीक्षेने सिद्ध करावा लागतो.

पण एकदा सोसला म्हणजे झाले असे नव्हे. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, वारंवार वाकविल्याने तुटते. यासच धातूचा थकवा म्हणतात. १९५४ साली कॉमेट जातीची दोन इंग्रजी प्रवासी विमाने इटलीजवळ समुद्रावर आकाशातच फुटली. पुढे तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आतून पुनःपुन्हा दाब दिला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्याशी चीर जाऊन कारण उघडकीस आले. याकरिता महत्त्वाच्या भागांचे आयुष्य तासांत मोजतात, आणि डोळ्यांस न दिसणारी चीर क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी शोधतात.

खरी कसोटी पुढेच आहे. एखादा भाग ठरल्या मापाहून केसभर उणा उतरतो. विमान देण्याची तारीख जवळ आलेली; नवा भाग करावा तर दिवस जाणार. अभियंता पुन्हा गणित मांडतो. भाग भार सोसणारा असेल तर संमती, नसेल तर नकार. तेथे भिडेस पडून चालत नाही. कारण त्याची सही म्हणजे एका जिवास जामीन राहणे होय.

युद्धयंत्रांची कथा मिशन शाळेच्या अंकात कशास, असे कोणी पालक विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, विमानात बसणारे कोणाचे तरी लेकरू असते, आणि ज्या शेतावर ते कोसळेल तेथेही लेकरे असतात. त्यांचे प्राण राखणे हे ईश्वरास मान्य असेच काम आहे.

मुलांनो, उत्तराचा ताळा न पाहताच तुम्ही वही पुढे करता, तेव्हा आम्ही रागावतो. ते का, हे आता तुमच्या ध्यानी आले असेल.